तक्तेसाहेबांनी कार्ब्युरेटर निवडला

तक्तेसाहेबांनी उभ्या नोकरीत एकच खरेदी लबाडीनं केली, आणि ती नेमकी घरची निघाली. त्या खरेदीपायी एक बस रिकामी झाली, एक अख्खी इमारत रिकामी झाली, सेक्रेटरींच्या चादरी काळ्या झाल्या आणि खुद्द तक्तेसाहेबांच्या अब्रूचं जे व्हायचं ते झालं. वस्तू म्हणाल तर एक कार्ब्युरेटर.

तक्तेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नसे. पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात ते अधिकारी होते. नळाचा वायसर घ्यायचा असो की विहिरीवरचा पंप, तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायचं, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच सही ठोकायची, हा त्यांचा नेम. तो घरीसुद्धा सुटला नव्हता. उशी घ्यायला गेले तेव्हा दुकानात तीन उशांवर आळीपाळीनं झोपून पाहिलं, आणि तिसरीवर त्यांचा खराच डोळा लागला. दुकानदारानं दिवे मालवायच्या वेळी त्यांना उठवलं. बायको हा किस्सा पाहुण्यांना सांगायची, आणि तक्तेसाहेब प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचे की उशीची ह्यापेक्षा योग्य चाचणी कोणती ते कुणी तरी मला सांगा.

ह्या नेमाच्या माणसाला मुलगी झाली ती भिंगरी. जन्मापासून एका जागी बसली नाही म्हणून घरात हेच नाव पडलं. शिकून ती इंजिनियर झाली, एका कारखान्यात चिकटली, आणि तिथं तरी बूड टेकेल असं आईला वाटत होतं तोवर तिनं शर्यतीची गाडी बांधायला घेतली. एक जुनाट मोटार घ्यायची, तिचं छप्पर आणि बंपर काढून टाकायचे, आत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवायचं आणि पळवायची. ह्याला हॉट रॉड म्हणतात, असं तिनं समजावून सांगितलं. त्यावर आईनं विचारलं, की गाडीचं छप्पर गेलंच असेल तर तुम्ही दुरुस्त का करून घेत नाही.

गाडीचे मालक तिघं. इंजिन गॅरेजवाल्या उस्तादांचं, सांगाडा भिंगरीच्या एका मित्राचा, ज्याला सगळे दाढी म्हणत, आणि चालवणार भिंगरी. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर पिंपं मांडून शर्यतीचा वळणावळणाचा रस्ता केला होता, तारीखही ठरली होती. आणि ऐन वेळी कार्ब्युरेटरवरून उस्ताद आणि दाढी ह्यांचं बोलणं बंद झालं.

रविवारी सकाळी भिंगरी दोन्ही कार्ब्युरेटर एका पिशवीत घालून घरी आली आणि तिनं ते जेवणाच्या टेबलावर मांडले. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारं भांडं, वरून हवा येते, बाजूनं पेट्रोल येतं, दोन्हींचं मिश्रण करून तो ते खाली इंजिनाला पाजतो, एवढं तिनं बापाला सांगितलं. उस्तादांचा होता तो चार नळ्यांचा, कुकराएवढा. पाय दाबला की चारही नळ्या धाडकन उघडणार. दाढीचाही चार नळ्यांचाच, पण जरा समजूतदार. त्याच्या दोन नळ्या इंजिनानं हवा ओढली तशा आपोआप उघडत. उस्ताद म्हणत होते, दाढीचा कार्ब्युरेटर मिळमिळीत आहे. दाढी म्हणत होता, उस्तादांना अक्कल नाही.

"मग सगळ्यात मोठा तोच सगळ्यात चांगला नव्हे का?" तक्तेसाहेबांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं, बाबा," भिंगरी म्हणाली. "तुम्ही सांगाल तो लावायचा असं दोघांनीही कबूल केलंय. तुम्हांला कुणी वळवू शकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

तक्तेसाहेबांची छाती एकदम इंचभर फुगली. आजवर घरात त्यांच्या तक्त्यांची थट्टाच झालेली. आज पहिल्यांदा कुणी आपण होऊन निवाडा मागायला आलं होतं, आणि तेही पोटची पोर. "दोनात निवड होत नसते," त्यांनी कडक आवाजात सांगितलं. "तिसरा लागेल." भिंगरी म्हणाली, मागवा की. इतक्या चटकन म्हणाली, की त्यांना उगाचच भरून आलं.

ती अंघोळीला गेल्यावर बायकोनं त्यांना खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं, आणि नळ पूर्ण सोडून, त्या आवाजाच्या आडोशानं म्हणाली, "ह्यातला सगळ्यात हळू कोणता पळतो तो निवडा."

"अगं, ही लबाडी झाली. पोरीनं विश्वासानं..."

"पोर एकच आहे आपल्याला," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

एकदा तक्तेसाहेब सरावाची धाव बघायला गेले होते. पहिल्या वळणावर गाडीचं मागचं अंग घसरताना पाहिलं आणि उरलेला सराव त्यांनी बुटाची नाडी बांधण्यात घालवला. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेर त्यांचं म्हणणं एकच असे, की मला काही वाटत नाही, हिची आई फार घाबरते. आताही त्यांनी स्वतःची तशीच समजूत घातली. बायकोचा दबाव आला म्हणून नाइलाज झाला, एरवी आपण काही असे नाही.

आता लबाडी करायची म्हणजे ती यायला तर हवी. एका पंपवाल्यानं पाठवलेली फुलदाणी ह्या गृहस्थानं परत करून वर तिची पोच घेतली होती. पण चोराच्या युक्त्या राखणदाराला पाठ असतातच. अटीच अशा लिहायच्या, की आपल्याला हवी ती वस्तू सोडून दुसरी कुठली त्यात बसूच नये. तक्तेसाहेबांनी अटी लिहिल्या: वजन कमी, उंची कमी, आवाज कमी, पेट्रोल कमी, हाताळण्यास सोपा. वेग हा रकाना त्यांनी सगळ्यात शेवटी, 'इतर' ह्या सदराखाली, बारीक अक्षरात घातला. आणि मग त्यांनी परदेशातून तिसरा कार्ब्युरेटर मागवला, दोनच नळ्यांचा, तळहातावर मावेल एवढा. त्या जातीत ह्याहून लहान मिळत नाही, ह्याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

तो आला आणि पार्सल कचेरीत अडकला.

तिथल्या निरीक्षकानं खोकं फोडून वस्तू हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि नियमांचं जाड पुस्तक उघडलं. त्यात कार्ब्युरेटर नव्हता. पंप होता, भांडी होती, वाद्यं होती. ह्याला भोकं आहेत, तेव्हा वाद्य असायला हरकत नाही, असं म्हणून त्यानं एका नळीत फुंकूनही पाहिलं. तक्तेसाहेबांनी वापर सांगितला असता तर प्रश्न मिटला असता, पण शर्यत म्हटलं की क्रीडा मंडळाचा दाखला लागणार होता, आणि तो मिळेपर्यंत शर्यत होऊन गेली असती. ते म्हणाले, घरगुती वापरासाठी. घरात ह्याचं काय करता, असं निरीक्षकानं विचारलं. "बघतो," तक्तेसाहेब म्हणाले, आणि त्या कचेरीत ते शेवटचं खरं बोलणं ठरलं.

निरीक्षक पुस्तक मिटून म्हणाला, की असं एका वस्तूवरून वर्ग ठरवता येत नाही. ह्याच जातीच्या आणखी दोन वस्तू आणा, तुलना करून पाहू.

दुसरा कुणी असता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. तक्तेसाहेबांना मात्र, त्याही परिस्थितीत, त्या माणसाबद्दल आदर वाटला. हीच अट घालून त्यांनी स्वतः किती लोकांना परत पाठवलं होतं. त्यांनी मान तुकवली आणि ते दुसऱ्या दिवशी उरलेले दोन कार्ब्युरेटर बाजाराच्या पिशवीत घालून बसमध्ये चढले.

कार्ब्युरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते आणि तिच्यात थोडं पेट्रोल शिल्लक राहतं, हे त्यांना भिंगरीनं सांगितलं नव्हतं. कुकराएवढा जो होता तो पिशवीत आडवा झाला आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठिबकू लागला. बाईंना आधी वाटलं तेल, मग त्यांनी बोट नाकाशी नेलं. पुढचं सगळं फार भराभर झालं. बस थांबली, माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत उतरली, आणि कंडक्टर लांबूनच ओरडून विचारू लागला की पिशवीत काय आहे. तक्तेसाहेबांनी सांगितलं, कार्ब्युरेटर. एक की दोन, असं त्यानं विचारलं. दोन म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की एक असता तर एकवेळ चाललं असतं. बस त्यांना रस्त्याच्या कडेला सोडून गेली आणि ते उरलेलं अंतर पिशवी अंगापासून लांब धरून चालत गेले. निरीक्षकानं तिन्ही वस्तू शेजारी शेजारी मांडल्या, एका डोळ्यानं पाहिल्या, आणि सगळ्यात लहान असलेल्या त्या तिसऱ्याचा वर्ग लावला: शोभेची वस्तू. तसा शिक्काही खोक्यावर मारला.

इथवरचं निभावलं होतं. पण त्यांच्या वरच्या मजल्यावर बोटवाले काका राहत. जन्मभर बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, त्यामुळे सल्ला विचारावा लागत नसे. जिन्यात पिशवी बघूनच त्यांनी सांगितलं, की मोजमाप करायचं तर आधी वस्तू आतून स्वच्छ हवी, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासा, आम्ही बोटीवर हेच करायचो. त्यांच्या बोटीच्या इंजिनाला कार्ब्युरेटर नसतोच, हे पुढं भिंगरीकडून कळलं. तोवर तक्तेसाहेबांनी न्हाणीघरात बादली मांडली होती.

खिडक्या उघड्या टाकायला ते विसरले नव्हते. ते विसरले एवढंच, की न्हाणीघरातलं पाणी ज्या नळातून खाली जातं तो नळ सगळ्या मजल्यांवरून जातो. त्यांनी बादली ओतली आणि थोड्याच वेळात तळमजल्यावरून कुणीतरी गॅसवाल्यांना फोन केला. भोंगा वाजला. सगळी इमारत जी होती त्या कपड्यांत खाली उतरली. कुणी अर्धी दाढी केलेलं, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळलेलं. गॅसचा माणूस हातात वास हुंगणारं यंत्र घेऊन मजल्यामागून मजला चढत गेला, आणि तक्तेसाहेबांच्या दाराशी यंत्रानं किंकाळी फोडली. दार उघडून तक्तेसाहेब बाहेर आले ते रबरी हातमोजे घातलेले आणि हातात दात घासायचा ब्रश. त्यांना वाटलं, वीजमीटर बघायला कुणी आलं आहे. त्यांची बायको तेव्हा खाली गर्दीत उभी होती आणि शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, की काय एकेक लोक असतात बाई.

ह्यानंतर शहाण्या माणसानं तिथल्या तिथं हात टेकले असते. पण तक्त्यात आवाज आणि पेट्रोल हे दोन रकाने रिकामे होते, आणि रिकाम्या रकान्यावर सही करायची तक्तेसाहेबांच्या हाताला सवय नव्हती. लबाडीसुद्धा ते नियमानं करणार होते. गॅरेजमध्ये चाचणी घ्यावी तर तिथं उस्ताद मधे मधे बोलणार. म्हणून गाडी टेम्पोवर चढवून इमारतीच्या आवारात आणायचं ठरलं.

आवाराच्या भिंतीवर एक सूचना लावलेली होती: विनाकारण वाहनाचे इंजिन चालू ठेवू नये. मसुदा तक्तेसाहेबांचाच होता. सोसायटीचे सेक्रेटरी त्या सूचनेखाली हाताची घडी घालून उभे राहिले. तक्तेसाहेबांनी त्यांना समजावलं, की सूचनेत विनाकारण असं आहे आणि आपल्याकडे कारण आहे. सेक्रेटरींनी कारण लेखी मागितलं. त्यांनी ते बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं.

पहिला नंबर उस्तादांच्या कुकराचा. दाढीनं तो बसवला, भिंगरीनं चावी फिरवली, इंजिन दोनदा शिंकलं. तिसऱ्या वेळेला ते सुरू झालं, आणि त्याबरोबर कार्ब्युरेटरच्या तोंडातून हातभर जाळ वर आला. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींच्या चादरी वाळत होत्या. पेटल्या नाहीत, एवढीच देवाची कृपा. काळ्या मात्र अशा झाल्या, की पुन्हा पांढऱ्या झाल्याचं कुणी पाहिलं नाही. आवारातल्या यच्चयावत गाड्यांचे भोंगे एकसाथ वाजू लागले, खिडक्यांतून माणसं लटकली, आणि वरून बोटवाले काका ओरडून सांगू लागले की घाबरू नका, आमच्या बोटीवर ह्याहून मोठा जाळ यायचा. दाढीचा कार्ब्युरेटर त्यामानानं सभ्य वागला. आणि ती शोभेची वस्तू बसवल्यावर इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं. भिंगरीनं दोन-तीनदा पायानं दाबून पाहिलं आणि ती हसली. बापाचं मन राखायला हसली असेल, असं तक्तेसाहेबांना वाटलं.

सोसायटीची बैठक झाली. तक्तेसाहेबांनी उभं राहून माफी मागावी आणि ती स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लावावी, असा ठराव झाला. ज्या फळ्यावर गेली कित्येक वर्षं ते इतरांना शिस्त लावत होते, त्याच फळ्यापाशी उभं राहून शेजारची मुलं त्यांची माफी मोठ्यानं वाचू लागली. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, एवढंच समाधान त्यांना राहिलं.

शर्यतीच्या आधीच्या संध्याकाळी गॅरेजमध्ये निकाल वाचायचा होता. तक्तेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, वजन, उंची, आवाज, पेट्रोल, हाताळणी, आणि 'इतर' हे सदर जरा खोकून घेतलं. पाचही निकषांवर दोन नळ्यांचा लहान कार्ब्युरेटर श्रेष्ठ ठरला होता. मग उस्तादांनी ते खोकं उचललं, शिक्का वाचला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, माझ्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर तुम्ही शोभेची वस्तू बसवणार?" दाढी खाली बघत राहिला. पण दोघांनी शब्द दिलेला होता, आणि दोघांनाही ह्या गोष्टीचं समाधान होतं की निदान दुसऱ्याचा तरी लागला नाही.

भिंगरीनं बापाकडे पाहिलं. तक्तेसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "बाबांनी सांगितलं ना, मग हाच," ती म्हणाली आणि पाना उचलला.

त्यांना स्वतःची लाज वाटली. साधी नव्हे, चांगली घाम फोडणारी लाज वाटली. घरी आल्यावर निकाल ऐकून बायको म्हणाली की माझा जीव भांड्यात पडला. तक्तेसाहेबांच्या डोळ्यांसमोर मात्र पोर सगळ्यांच्या शेवटी, रिकाम्या रस्त्यावरून, हळूहळू येताना दिसत होती, आणि लोक हसत होते.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तसंच व्हायची सगळी चिन्हं होती. एकेका गाडीच्या बॉनेटमधून कार्ब्युरेटर असे वर आलेले, की चालवणाऱ्याला पुढचं दिसावं कसं हाच प्रश्न. लाल जॅकेट घातलेले एक गृहस्थ स्वतःच्या मुलाची गाडी सोडून सगळ्यांच्या गाड्या बघत फिरत होते. भिंगरीच्या गाडीपाशी ते थांबले, वाकले, आणि विचारलं की बाकीचा कार्ब्युरेटर यायचा आहे का. मग हसत हसत त्यांनी आणखी दोघांना बोलावून आणलं.

तक्तेसाहेबांच्या बायकोनं हे पाहिलं. आधी तिचे कान लाल झाले, आणि मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आपल्या पोरीला हसतायत ते लोक. तुम्हांला कुणी सांगितलं होतं सगळ्यात लहान निवडायला?"

अशा प्रश्नाला कोणत्याही खात्यात उत्तर नसतं. बायको म्हणाली, जा, आत्ताच्या आत्ता तो मोठा बसवून या. ते खरोखरच निघाले. दोन पावलं गेले असतील, तेवढ्यात झेंडा पडला.

पहिला रस्ता सरळ होता, आणि त्यावर व्हायचं तेच झालं. जाड कार्ब्युरेटरवाले गरजत पुढं निघून गेले आणि भिंगरी सगळ्यांच्या मागं राहिली. बायकोनं डोळे मिटून घेतले आणि काय होतंय ते सांगत राहा अशी आज्ञा केली. सांगण्यासारखं काही नव्हतं. तक्तेसाहेब नुसते म्हणत राहिले, आहे, आहे, दिसतेय.

मग वळणं आली. वळणाशी सगळ्यांना वेग कमी करावा लागे, आणि बाहेर पडताना पाय पुन्हा दाबावा लागे. त्या चार नळ्या धाडकन उघडल्या की इंजिनाच्या तोंडात नुसती हवाच हवा जायची, पेट्रोल मागं राहायचं, आणि गाडी क्षणभर ठसका लागल्यासारखी अडायची. लहान कार्ब्युरेटरला तेवढी हवा घ्यायला तोंडच नव्हतं. भिंगरीनं पाय दाबला की गाडी तिथल्या तिथं उचल खायची. एका वळणावर तिनं एकाला मागं टाकलं, पुढच्या वळणावर आणखी एकाला. तक्तेसाहेबांचं 'आहे, दिसतेय' हळूहळू 'गेली' आणि 'अगं गेली' ह्यावर आलं. बायकोनं एक डोळा उघडला. लाल जॅकेटवाल्यांचा मुलगा एका पिंपापाशी दोन ठसके खाऊन मागं पडला, तेव्हा तिनं दुसराही उघडला आणि नंतर मिटला नाही.

भिंगरी दुसरी आली. पहिला नंबर एका करड्या रंगाच्या गाडीनं नेला, थोडक्यात. उस्ताद उड्या मारत होते आणि भेटेल त्याला सांगत होते की मी पहिल्यापासून म्हणत होतो, लहान लावा. दाढीनंही तेच सांगायला सुरुवात केली होती, आणि त्यावरून त्या दोघांचं पुन्हा बोलणं सुरू झालं. लाल जॅकेटवाले गृहस्थ तक्तेसाहेबांसमोर येऊन उभे राहिले. आता ते हसत नव्हते. निवड तुमची होती असं ऐकलं, म्हणाले, आणि निकष काय लावलेत असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

जन्मभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न आला होता. पण तक्तेसाहेबांनी त्या गृहस्थांना बाजूला सारलं आणि ते सरळ भिंगरीपाशी गेले. ती गाडीच्या चाकाला टेकून बसली होती, तोंडावर धुळीचा थर आणि डोळ्यांभोवती चष्म्याची दोन स्वच्छ वर्तुळं. बायको मागोमाग आलीच. लाल जॅकेटवालेही, निकष ऐकायच्या आशेनं, मागोमाग आले.

"भिंगरे, तो तक्ता..." तक्तेसाहेबांनी सुरुवात केली.

"खोटा होता. माहीत आहे मला," ती म्हणाली. "इतकी वळणं आहेत म्हटल्यावर लहानच चालणार, हे मी रस्ता पाहिला तेव्हाच ताडलं होतं. पण मी ते गॅरेजमध्ये म्हटलं असतं तर दोघं म्हणाले असते, पोरगी घाबरली. आणि आमच्याकडे लहान कार्ब्युरेटर नव्हताच. तुम्ही तिसरा मागवल्याशिवाय राहणार नाही, आणि मागवाल तो मिळेल तेवढा लहान मागवाल, एवढी मला खात्री होती."

"म्हणजे मुद्दाम माझ्याकडे आलीस?"

"तिथं सगळे शूर आहेत, बाबा. मला कुणीतरी घाबरणारं हवं होतं. आणि माझ्यासाठी तुमच्याइतकं घाबरणारं दुसरं कोण आहे?"

तक्तेसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि धूळ फार उडतेय असं काहीतरी म्हणत नाक शिंकरलं. पोरीनं त्यांना आरपार पाहिलं होतं, लबाडीसकट, आणि तरीही निवडलं होतं. त्यांना एवढा आनंद झाला की तो कुठं ठेवावा ते कळेना.

पण बायकोचा चेहरा उतरला होता. "त्यांच्याइतकं?" ती म्हणाली. "घाबरले मी. जेवण गेलं नाही मला, झोप लागली नाही. ह्यांना विचार, पहिल्यापासून म्हणतायत की मला काही वाटत नाही. ह्यांनी नुसता तक्ता केला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. लाल जॅकेटवाले ऐकत उभे होते, उस्ताद आणि दाढी येऊन ठेपले होते, आणखी चार माणसं जमली होती. एवढ्या लोकांसमोर तक्तेसाहेबांनी, ताठ उभं राहून, कार्यालयात निकाल देताना लावत त्या खणखणीत आवाजात सांगितलं, "तुझ्याआधी मी घाबरलो होतो."